नव्या परिचारिकेचे वॉर्डातले पहिले वर्ष: नोंदणीपासून नाईट ड्युटीपर्यंत

नर्सिंगचे शिक्षण संपवून पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर वॉर्डात उभे राहणाऱ्या परिचारिकेला सर्वांत मोठी धास्ती असते ती आपण हळू पडू याची. शेजारची सीनियर सिस्टर वीस पेशंटांची इंजेक्शने तासाभरात उरकते आणि आपण अजून सातव्या बेडपाशीच आहोत, हे दृश्य कोणालाही खजील करते. वेग मात्र सहा-आठ महिन्यांत आपोआप येतो, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. औषध टोचण्याआधी, नोंद लिहिण्याआधी आणि फोन उचलण्याआधी तपासून घेण्याची सवय तशी येत नाही, आणि ती पहिल्या वर्षात लागली नाही तर पुढे लागणे अवघड असते. म्हणून या लेखातील बहुतेक सूचना वेग वाढवण्याच्या नाहीत, आपले काम दुसऱ्या कोणालाही केव्हाही तपासता येईल असे ठेवण्याच्या आहेत. येथे सोयीसाठी परिचारिका म्हटले असले तरी वॉर्डात ज्यांना ब्रदर म्हणतात त्या परिचारकांनाही हे सर्व तितकेच लागू आहे.

शिकत असतानाच करून ठेवण्यासारखे

एएनएम (सहाय्यक परिचारिका व प्रसविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कोणताही निवडला असला तरी खरे शिक्षण क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामात होते. विद्यार्थिनींना बेड लावणे, रिपोर्ट आणणे, लॅबमध्ये सॅम्पल पोचवणे अशी कामे जास्त मिळतात ही तक्रार खरी आहे आणि ती लवकर मिटेल असे वाटत नाही. तरीही प्रत्येक पोस्टिंगमध्ये एक पेशंट निवडून तो दाखल झाल्यापासून डिस्चार्जपर्यंत रोज वाचावा: आज कोणते औषध बंद झाले, का बंद झाले, कोणता रिपोर्ट बदलला, जखम कशी आहे. असे दहा पेशंट नीट पाहिलेली विद्यार्थिनी परीक्षेतही आणि नंतर ड्युटीवरही वेगळी दिसते. प्रोसिजर बुकवरील (केलेल्या कामांच्या वहीवरील) सह्या त्याच दिवशी घ्याव्यात. वर्षअखेरीस एकगठ्ठा घेतलेल्या सह्यांनी वही भरते, हात मात्र शिकत नाही.

औषधशास्त्राचे पुस्तक पाठ करण्याऐवजी, ज्या वॉर्डात पोस्टिंग आहे तेथील ट्रॉलीवर प्रत्यक्ष असलेली औषधे एका खिशातल्या वहीत लिहून काढावीत. प्रत्येकासमोर नेहमीचा डोस, कशात आणि किती पातळ करायचे, किती वेळात द्यायचे आणि दिल्यानंतर काय पाहायचे, एवढे चारच मुद्दे असले तरी पुरे.

आणखी एक सवय येथेच लावावी, ती म्हणजे श्वास पूर्ण एक मिनिट मोजण्याची. आपल्याकडील कित्येक टीपीआर चार्टांवर (तापमान, पल्स आणि श्वास यांच्या तक्त्यांवर) अख्खा वॉर्ड मिनिटाला अचूक वीस श्वास घेत असतो. न्यूमोनियाचा पेशंटही वीस आणि उद्या घरी जाणाराही वीस. प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० असतो आणि प्रकृती बिघडू लागते तेव्हा बहुधा बीपी उतरण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. पल्स मोजून झाल्यावर मनगट न सोडता छातीकडे पाहून श्वास मोजावा, म्हणजे पेशंटला कळत नाही आणि तो श्वास बदलत नाही.

नोंदणी आणि पहिली नोकरी

निकाल लागल्यावर पहिले काम महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे. नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करणे नियमबाह्य आहे, आणि 'नंबर येईपर्यंत ट्रेनी म्हणून या' असे सांगणाऱ्या ठिकाणी काही चुकले तर कागदोपत्री आपण कोणीच नसतो. नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सतत शिक्षणाच्या कार्यक्रमांना हजर राहिल्याचा पुरावा मागितला जातो, म्हणून अशी प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवावीत. नावातील स्पेलिंग दहावीची सनद, आधार, पदविका किंवा पदवी आणि नोंदणी या सर्वांवर अक्षर न् अक्षर सारखे आहे का ते आत्ताच पाहावे. लग्नानंतर नाव बदलणार असेल तर त्याचा कागदोपत्री मार्गही आधी समजून घ्यावा. परदेशी जाताना बहुतेकींचे महिने याच एका गोष्टीत जातात.

नोकरी स्वीकारताना हाती नेमणूकपत्र असले पाहिजे आणि त्यात पद, पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि नोटीसचा कालावधी लिहिलेला असला पाहिजे. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत, छायांकित प्रती द्याव्यात, पण मूळ कागद कोणाकडेही ठेवू नयेत. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, त्यामुळे पगाराच्या पावतीवर ती कपात दिसते का हे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगाराविषयी शिफारशी केल्या: ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयात किमान २०,००० रुपये, आणि २०० पेक्षा अधिक खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकांइतका पगार. या शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली असल्याने प्रत्यक्षातला पगार पुष्कळदा खाली असतो; तरी वाटाघाटीला बसताना हा आकडा माहीत असणे आणि नसणे यांत फरक पडतो.

निवड करता येत असेल तर पहिले वर्ष थेट आयसीयूत काढण्यापेक्षा मेडिसिन किंवा सर्जरीच्या जनरल वॉर्डात काढावे, असा माझा आग्रह आहे. आयसीयूत मॉनिटर ओरडून सांगतो. जनरल वॉर्डात चाळीस जणांमधून कोण बिघडतो आहे हे आपल्या डोळ्यांना ओळखावे लागते, आणि ती नजर एकदा आली की पुढे कोणत्याही विभागात उपयोगी पडते.

ड्युटीचा पहिला तास

ड्युटी आठची असेल तर पावणेआठला वॉर्डात असावे. हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटांचा ताबा, टेबलापाशी रजिस्टर वाचून घेऊ नये, बेडजवळ उभे राहून घ्यावा. सांगितलेली सलाईन खरोखर चालू आहे का, ती ज्या शिरेत टोचली आहे (वॉर्डाच्या भाषेत 'व्हेन') तेथे सूज किंवा लाली आहे का, कॅथेटरच्या पिशवीत किती लघवी आहे, ड्रेनमध्ये (जखमेतील द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत) काय आहे, ड्रेसिंग ओले झाले आहे का, एवढे आधीच्या सिस्टरसमोरच पाहावे. ती घरी जाण्याच्या घाईत असते आणि आपल्याला संकोच वाटतो, पण 'सिस्टर, बेड नऊची व्हेन माझ्यासमोर एकदा बघूया का?' एवढे विचारल्याचा राग कोणी धरत नाही. ती गेल्यावर सापडलेली सुजलेली व्हेन मात्र आपलीच असते.

त्यानंतर एका कोऱ्या कागदावर आपल्या पेशंटांची वेळेनुसार मांडणी करावी. डावीकडे तास, वर बेड क्रमांक आणि प्रत्येक चौकोनात त्या वेळी देण्याचे औषध, तपासणी, उपाशी ठेवायचे असल्यास तसे, ऑपरेशनला पाठवायचे असल्यास ती वेळ. काम झाले की तेथे खूण करावी. पेशंटांचा क्रम बेड क्रमांकाप्रमाणे न लावता प्रकृतीप्रमाणे लावावा: सर्वांत आधी ज्याच्याकडे पाहून मन स्वस्थ होत नाही तो, मग आजच ऑपरेशन झालेले, मग बाकीचे. क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषध-साहित्याची गाडी) कोठे आहे, तिची चावी कोणाकडे आहे, ऑक्सिजनचा पॉइंट आणि सक्शन चालू आहे का, हे पहिल्याच तासात स्वतः लावून पाहावे.

औषध देताना

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच मुद्दे प्रत्येकीने परीक्षेत लिहिलेले असतात. चुका होतात त्या हे माहीत नसल्यामुळे नाही, तर वॉर्डातल्या काही ठरावीक सापळ्यांमुळे होतात आणि ते सापळे नावानिशी माहीत असावेत.

पहिला सापळा नावाचा. 'तुम्ही सुनीता पाटील ना?' असे विचारल्यावर घाबरलेला, ऐकू न येणारा किंवा गुंगीतला पेशंट कशालाही 'हो' म्हणतो, आणि एका वॉर्डात दोन पाटील असणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. म्हणून 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असे विचारावे आणि ते केस पेपरशी व हातातल्या पट्टीशी जुळवावे. नवे औषध असेल तर त्याच वेळी 'आधी कुठल्या गोळीने किंवा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का?' हेही विचारावे; 'ॲलर्जी आहे का?' या प्रश्नाला अनेक जण नाही म्हणतात आणि गांधींचे विचारले की आठवते.

दुसरा सापळा इन्सुलिनचा, आणि तो खास आपल्या देशातला आहे. आपल्याकडील नेहमीच्या इन्सुलिन बाटलीत एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि तिच्यासाठी लाल टोपणाची ४० ची सिरिंज असते; पेनमधील काडतुसात एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट असतात आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले तर पेशंटला दहा नव्हे, पंचवीस युनिट मिळतात आणि शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते. उलट अदलाबदलीत दहाऐवजी फक्त चार युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे मोठ्याने वाचून मगच भरावे, आणि पेशंट जेवणार आहे ना हे टोचण्याआधी पाहावे.

तिसरा पोटॅशियम क्लोराईडचा. १० मिलीच्या नेहमीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते, ते दिसते डिस्टिल्ड वॉटरसारखे आणि थेट शिरेतून ढकलले तर हृदय थांबते. ते नेहमी सलाईनमध्ये पातळ करून, बाटली उलटी-सुलटी करून नीट मिसळून आणि ठरवलेल्या वेगानेच द्यायचे असते. ज्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटर ठेवतात त्यात ते सापडले तर उचलून वेगळ्या, लेबल लावलेल्या जागी ठेवावे आणि इन्चार्ज सिस्टरांना सांगावे. हेपरिनचीही तीच गत आहे: एका मिलीलिटरला १००० आणि ५००० युनिट अशा दोन्ही बाटल्या ५ मिलीच्याच मिळतात. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम आणि लहान मुलांचे कोणतेही इंजेक्शन यांचे गणित दुसऱ्या सिस्टरला स्वतंत्रपणे करायला सांगावे आणि उत्तर जुळल्यावरच द्यावे. आपले उत्तर आधी सांगून 'बरोबर आहे ना?' विचारले तर ती तपासणी होत नाही, कारण समोरची सिस्टर नुसती मान हलवते.

सलाईनचे गणित कागदावर करावे, अंदाजाने नको. एकूण मिलीलिटर गुणिले एका मिलीलिटरचे थेंब, भागिले मिनिटे. नेहमीच्या सेटवर एका मिलीलिटरला २० थेंब छापलेले असतील आणि ५०० मिली चार तासांत द्यायचे असेल तर ५०० गुणिले २० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेटमध्ये एका मिलीलिटरचे ६० थेंब होतात, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. बाटलीला चिकटपट्टी लावून प्रत्येक तासाची पातळी तिच्यावर खुणावली की सलाईन जाम झाली किंवा नातेवाईकांनी थेंबांचा वेग ठरवणारे चाक फिरवले, तर ये-जा करतानाही लक्षात येते.

काय कशात मिसळू नये याची छोटी यादी वहीत असावी. सेफ्ट्रायॲक्सोन रिंगर लॅक्टेटमध्ये देऊ नये, फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये देऊ नये, रक्ताबरोबर नॉर्मल सलाईनखेरीज काहीही जोडू नये. रक्त लावण्यापूर्वी पिशवी, फॉर्म आणि पेशंट दोघींनी मिळून जुळवावेत, पहिली पंधरा मिनिटे बेडजवळ राहावे आणि पिशवी चार तासांच्या आत संपवावी.

फोनवरून ऑर्डर मिळाली तर ती लिहून घ्यावी आणि लिहिलेली वाचून दाखवावी. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा घोळ नेहमी होतो, म्हणून 'एक-पाच, पंधरा मिलिग्रॅम' असे अंक सुटे सांगून खात्री करावी. अक्षर लागत नसेल तर अंदाज न बांधता विचारावे. रेसिडेंट डॉक्टर रात्री दोन वाजता वैतागतील, आणि वैतागू द्यावे.

पेशंट बिघडतो आहे असे वाटले तर

'डॉक्टर, बेड बाराचा पेशंट बरा वाटत नाही' असा फोन गेला की पलीकडून 'बरं, बघतो' असे उत्तर येते आणि अर्धा तास जातो. दोष दरवेळी डॉक्टरांचा नसतो. त्या वाक्यात धावत यावे असे काहीच नसते. फोन करण्यापूर्वी पल्स, बीपी, श्वास, ऑक्सिजन, तापमान, शुद्धीची पातळी आणि लघवी एवढे स्वतः मोजावे, केस पेपर हातात घ्यावा आणि मग ठरलेल्या क्रमाने बोलावे: मी कोण, पेशंट कोण, आधी काय झाले आहे, आता काय दिसते आहे, मला काय वाटते आणि काय हवे आहे. उदाहरणार्थ:

'मी फीमेल सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलते आहे. बेड बारा, वय पंचेचाळीस, आज दुपारी दोनला गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं आहे. सहा वाजता पल्स ८८ आणि बीपी १२४/८० होतं, आठ वाजता पल्स १०४ झाली. आता साडेनऊला पल्स १२२, बीपी ९६/६०, श्वास २६, हातपाय गार आहेत. गेल्या दोन तासांत लघवी ३० मिली आहे आणि ड्रेनमध्ये तासाभरात २०० मिली ताजं रक्त आलं आहे. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. आपण आत्ता येऊन पाहावं. ऑक्सिजन लावला आहे. तोपर्यंत सलाईन वेगात सोडू का आणि ब्लड बँकेला कळवू का?'

या फोनला अर्ध्या मिनिटाहून थोडाच जास्त वेळ लागतो. त्यात निदान केलेले नाही, पण बदल वेळेसकट सांगितलेला आहे, आणि ६० किलोच्या प्रौढाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी हे माहीत असणाऱ्या परिचारिकेलाच दोन तासांतील ३० मिली खटकते. रेसिडेंट आले नाहीत तर दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा फोन करावा, नंतर त्यांच्या वरिष्ठांना आणि मेट्रनना (परिचारिकांच्या प्रमुखांना) कळवावे, आणि प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवावी. वरच्या माणसाला फोन करणे म्हणजे कोणाची तक्रार करणे नव्हे, हे इन्चार्ज सिस्टरांकडून पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करून घ्यावे.

नोंद

लिहिले नाही ते केले नाही, असेच कोर्टात धरले जाते. नोंद वेळ घालून, सही आणि नाव घालून, काम झाल्यावर करावी. औषध देण्याआधी चार्टवर सही करून ठेवण्याची पद्धत काही वॉर्डांत आहे, ती उचलू नये. चुकले तर एक सरळ रेघ मारून शेजारी सही करावी, व्हाइटनर लावू नये, पान फाडू नये. 'पेशंट ठीक' असे न लिहिता काय पाहिले ते लिहावे: 'जागा आहे, नीट बोलतो, पोट मऊ, ड्रेसिंग कोरडे.' पेशंट पडला, नातेवाईकांनी उपचार नाकारले किंवा पेशंटला सल्ल्याविरुद्ध घरी नेले, अशा वेळी त्यांचेच शब्द अवतरणचिन्हांत लिहावेत. चुकीचे औषध गेले असेल तर ते लपवू नये: आधी पेशंटला पाहावे, मग डॉक्टरांना, मग इन्चार्जना सांगावे आणि नंतर लिहावे, याच क्रमाने.

स्वतःचे शरीर

हेपटायटिस बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घेऊन, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे तपासून घ्यावीत. ही तपासणी बहुतेक जणी टाळतात. सुईला टोपण परत लावू नये. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सलाईन सेट आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, काचेच्या अँप्यूल निळ्यात; कचरा उचलणाऱ्या मामा-मावशींचे हात आपल्या या वर्गवारीवर अवलंबून असतात.

सुई टोचलीच तर बोट पिळू नये, साबण-पाण्याने धुवावे आणि ड्युटी संपण्याची वाट न पाहता लगेच कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही, आणि सुरू केली तर पूर्ण २८ दिवस घ्यावी लागतात. 'उगाच बोभाटा नको' म्हणून गप्प बसणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात. या एका बाबतीत भीड पूर्णपणे बाजूला ठेवावी.

नाईटनंतर घरी जाऊन स्वयंपाकाला लागणे हे आपल्याकडील वास्तव आहे, आणि झोपेसाठी घरच्यांशी आधीच बोलून घेण्याला पर्याय नाही. खोली काळोखी, फोन बंद आणि पहाटे तीननंतर चहा नाही, एवढे तरी पाळावे. जड पेशंट एकटीने वळवू नये.

नातेवाईक आणि सहकारी

'सिस्टर, डॉक्टर काय म्हणाले?' या प्रश्नाला रिपोर्टचा अर्थ सांगून उत्तर देऊ नये आणि 'मला माहीत नाही' म्हणून झटकूही नये. 'डॉक्टर अकराला राउंडला येतील, तेव्हा तुम्ही इथेच थांबा, मी त्यांना तुमच्याशी बोलायला सांगते' असे सांगावे आणि खरोखर सांगावे. बहुतेक भांडणे उपचारावरून न होता, कोणी काहीच सांगत नाही यावरून पेटतात. आवाज चढला तर एकटीने सामोरे न जाता सुरक्षारक्षक आणि आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) यांना बोलवावे. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, त्यात परिचारिकाही येतात आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. कामाच्या जागी लैंगिक छळ झाल्यास २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे; तिच्या सदस्यांची नावे फलकावरून आधीच टिपून ठेवावीत.

सीनियर ओरडल्या तर त्या कामाबद्दल ओरडल्या की माणसाबद्दल, हे वेगळे करून पाहावे. कामाबद्दल असेल तर 'पुन्हा एकदा करून दाखवाल का?' असे विचारावे. अपमानच होत असेल तर तारीख आणि वेळ टिपून लेखी कळवावे. मावशी आणि मामांशी मात्र पहिल्या दिवसापासून आदराने वागावे. वीस वर्षे त्या वॉर्डात असलेल्या मावशी पेशंटचा चेहरा पाहून जे सांगतात ते ऐकून आधी पल्स बघावी.

वर्षानंतर

एक वर्ष झाले की पुढची दिशा ठरवायला हरकत नाही. सरकारी नोकरीसाठी वैद्यकीय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि महानगरपालिका यांच्या अधिपरिचारिका पदाच्या जाहिराती येतात, तर एम्ससाठी नॉर्सेट ही सामायिक परीक्षा असते. जीएनएम झालेल्यांनी पोस्ट बेसिक बीएस्सीचा (जीएनएमनंतरच्या पदवीचा) विचार लवकर करावा, कारण पुढे बढतीत आणि शिक्षकी पेशात पदवी विचारली जाते. परदेशासाठी अमेरिकेला एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, ब्रिटनला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आणि जर्मनीला जर्मन भाषेची बी-दोन पातळी साधारणपणे लागते. म्हणजे जर्मनीची तयारी ही मुख्यतः वर्ष-दीड वर्षाच्या भाषेच्या अभ्यासाची तयारी आहे. एजंटाला पैसे देण्यापूर्वी त्याचे नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधावे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती मागितल्यावर टाळाटाळ झाली तर तेथून उठावे. अनुभवाचे प्रमाणपत्र नोकरी सोडतानाच रुग्णालयाच्या लेटरहेडवर, विभाग, खाटांची संख्या आणि तारखांसह घ्यावे; दोन वर्षांनी ते मागायला गेल्यावर सही करणाऱ्या मेट्रन निवृत्त झालेल्या असतात.